गुरुजींचा जिताडा

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या अंगठ्याला चिंबोरी लटकत होती आणि ते तिची माफी मागत होते.

नेमणुकीचा कागद घेऊन मी बांधाबांधाने चालत आले होते. पायांत नवी चप्पल, डोक्यावर जूनचं ऊन. शाळेत चिटपाखरू नाही. फळ्यावर मोठ्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'शाळा चिखलात आहे.' मला वाटलं, कुणा वांड पोराचा उद्योग असणार. शाळेमागचा बांध उतरून खाली गेले तर अख्खी शाळा खरोखरच चिखलात! पन्नास-साठ मुलंमुली वाकून काहीतरी शोधताहेत आणि त्यांच्यामध्ये धोतर वर खोचलेला, डोक्यावर काळी टोपी असलेला एक काटकुळा गृहस्थ हात उंच धरून उभा.

"चुकलं हं, चुकलं," ते चिंबोरीला सांगत होते. "तुमच्या दारात न विचारता हात घातला. सोडा आता. मोठ्या मनाने सोडा."

चिंबोरी म्हणजे खाडीतली खेकडी; तिचं मन मोठं नव्हतं. शेवटी एका मुलीने तिची नांगी पिरगळून त्यांना मोकळं केलं. तर हे त्या मुलीलाच रागावले, "अगं, हळू! तिला लागलं असेल." मग माझ्याकडे वळून रक्ताळलेल्या हातानेच नमस्कार केला.

"या बाई. जरा बाजूला व्हा. तुम्ही कुणाच्या तरी नाकावर उभ्या आहात."

मी दचकून उडी मारली. पायाखाली तिवराच्या मुळ्या होत्या. तिवर म्हणजे खाडीच्या भरतीत कमरेइतक्या पाण्यात उभं राहणारं झाड. चिखलात त्याचा श्वास कोंडतो म्हणून त्याच्या मुळ्या खिळ्यांसारख्या वर येतात आणि हवा घेतात. गुरुजी त्यांना नाकं म्हणत. नाकावर पाय दिला की ते इतके कळवळत की पायात मूळ घुसलेल्या माणसाला आपलं दुखणं सांगायची लाज वाटावी.

ही साठ सालच्या आसपासची गोष्ट. नवी मुंबई हे नाव अजून कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं. करावे गावापासून बांधाने चालत जाण्यासारखं एक गाव होतं, त्याचं नाव मी सांगत नाही. तिथले लोक आजही भांडायला येतील. इकडे खाडी, तिकडे भातखाचरं, मध्ये बांध, आणि बांधाच्या कडेला दोन खोल्यांची शाळा. त्या शाळेत गुरुजी हेडमास्तर आणि मी एकुलती एक बाई. मी पनवेलची. मासे खाऊन वाढलेली, तोंडाची फटकळ, आणि 'नोकरी म्हणजे नोकरी' या मताची. गुरुजी देशावरचे, कृष्णाकाठचे, जन्मात अंड्यालासुद्धा न शिवलेले. दैवाने आमची गाठ घातली आणि मजा बघत बसलं.

त्यांना समोरून काही जिवंत जाताना दिसलं की ते आधी आदराने वागवत. निवटी तुम्ही पाहिली आहे का? चिखलावर पंखांनी सरपटणारा, डोळे वर काढलेला तो बोटभर मासा. माणसाची चाहूल लागली की टुणटुण उड्या मारत पळतो. गुरुजी त्याला म्हणायचे, "बसा, बसा, उठू नका!" बगळ्यालाही तेच, खंड्यालाही तेच. वर्गात मात्र मुलं उठून उभी राहिली नाहीत तर ह्यांच्या लक्षातही यायचं नाही.

मला म्हणाले, "बाई, तुम्ही टिटवी आहात." पंधरा दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले. माझ्या तोंडावर मला कलकलाट करणारी म्हणतात म्हणजे काय! सोळाव्या दिवशी त्यांना शंका आली. "रागावलात की काय? अहो, शिकारी आला की सगळ्यांना सावध करणारा एवढा एकच पक्षी आहे. आमच्या शाळेला कधीची हवी होती एक."

खाडीने त्यांच्या वहाणा खाल्ल्या. पण खायची ती नेमकी उजवी. त्यांच्या खोलीत डाव्या पायाच्या वहाणांची रांग लागली होती, आणि एकही फेकून द्यायला ते तयार नव्हते. मोरस नावाची खाऱ्या चिखलात उगवणारी भाजी त्यांना सापडली तेव्हा तर त्यांना आकाश ठेंगणं झालं. "बाई, विचार करा! भाजी जमिनीतूनच मीठ घालून येते!" त्या आनंदात त्यांनी मोरसाची आमटी केली, मला जेवायला बोलावलं आणि सवयीने तीत वरून मीठ घातलं. मी दोन दिवस पाणी पीत होते.

आता, शाळा चिखलात का? तर गुरुजी येण्याआधी ओहोटी लागली की शाळा रिकामी व्हायची. पाणी ओसरलं की पोरं चिंबोऱ्या, निवट्या, कालवं गोळा करायला पळायची. घरात त्या दिवशीचं कालवण त्यावर ठरायचं. मुली तर शाळेत यायच्याच नाहीत. गुरुजींनी पोरांना चिखलातून शाळेत ओढायचा नाद सोडला आणि शाळाच चिखलात नेली. लोक पंचांगात मुहूर्त बघतात, हे पाणी बघायचे. आज अष्टमी, ओहोटी अमुक वेळेला, म्हणजे गणित त्याच्या आधी आणि भूगोल नंतर. मधला वेळ चिखलात. पोरं टोपलीत कालवण गोळा करत आणि तोंडाने पाढे म्हणत. निवट्या मोजायला दिल्या की बेरीज मात्र कधी जुळायची नाही, कारण त्या एका जागी बसत नसत. गुरुजी म्हणत, "चालेल. उत्तर पळालं, पद्धत बरोबर आहे."

मी पुष्कळ बडबड केली. ही काय शाळा झाली? पण पट भरला होता. मुली येत होत्या. माझ्या घरमालकिणीची नात चौथीला बसली होती, आणि त्या घरातली बाईमाणसाची सही तोवर अंगठ्याच्या पुढे गेली नव्हती.

ही घरमालकीण म्हणजे आमची मावशी. गावातली खमकी आगरी बाई. लुगडं कासोट्याचं, आवाज बांधाच्या पलीकडे जाणारा. शाळेजवळचं तळं तिचं होतं. आणि ह्या तळ्यापायी सगळा घोटाळा झाला.

आमच्या ह्या पट्ट्यात एक रीत होती. साहेबाकडे काम असलं की जिताडा न्यायचा. जिताडा म्हणजे खाडीतला राजा मासा. पावसात त्याची बारकी पिल्लं उधाणाच्या पाण्याबरोबर आत शिरतात. ती धरून तळ्यात सोडायची, वाढवायची, आणि हातभर झाली की केळीच्या पानात गुंडाळून साहेबाच्या दारी. सुनेच्या बापाकडे, वकिलाकडे, मामलेदाराकडे, कुठेही. तर मी आले त्याच पावसात मावशीने एक पिल्लू गुरुजींना आणून दाखवलं.

"गुरुजी, ह्यो तुमच्या शालेचा. तल्यात सोडतंय. नीट संबाला."

मावशीच्या मनात होतं, हा वाढेल, आणि उद्या शाळेवर काही संकट आलं तर साहेबाला देता येईल. गुरुजींना वाटलं, मुलांच्या अभ्यासासाठी दिला. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला, आणि दोन वर्षं दोघांपैकी कुणीही ह्यावर अवाक्षर काढलं नाही. काढायचं काय? दोघांनाही सगळं स्पष्टच होतं.

गुरुजींनी त्याचं नाव ठेवलं आबासाहेब. पहिल्या दिवशी भात घातला. आबासाहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. भाकरीचा चुरा घातला, लाह्या घातल्या, एकदा तर श्रावणातला शिरा घातला. शेवटी मी म्हटलं, "गुरुजी, तो तुमच्या गोत्रातला नाही. त्याला कोळंबी लागते." त्यांचा चेहरा पडला. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी जानवं सावरत बाजारात कोळणीसमोर जाऊन बसले.

"ताजी आहे ना?"

"घरी कोन खातं, भटजी?" कोळणीने विचारलं.

"घरी नाही हो. तळ्यात खातात."

पुढे पुढे ते असे तयार झाले की कोळंबी शिळी निघाली तर भांडून परत करायचे. तळ्याकाठी बसून डोळे मिटायचे, "श्रीराम" म्हणायचे आणि मूठ सोडायचे. पाण्यात फटकन आवाज झाला की डोळे उघडून म्हणायचे, "सावकाश. सावकाश जेवा." दोन वर्षांत आबासाहेब असे माजले की त्यांचं डोकं वर आलं की बदकं तळ्याबाहेर यायची. मी रोज शाळेत जाताना त्यांच्याकडे बघायचे आणि मनातल्या मनात तुकड्या पाडायचे. हे मी उघड सांगते. मला लाज वाटत नाही.

आणि मग दिपोटी आले. शाळा तपासणाऱ्या डेप्युटी साहेबांना गाव दिपोटी म्हणायचं. न कळवता, अकराच्या सुमारास, बूट घालून आले. फळ्यावरची ओळ वाचली आणि तडक बांध उतरून खाली आले. तोंड लालबुंद. ते काही बोलणार, तेवढ्यात गुरुजी जिवाच्या आकांताने ओरडले, "साहेब, नाकावर पाय!"

साहेबांनी दोन्ही हात आपल्या नाकाला नेले, तोल गेला, आणि ते जागच्या जागी चिखलात बसले. उठायची धडपड करायला लागले तर आमचे गुरुजी, सवयीने, अगदी प्रेमाने म्हणाले, "बसा, बसा, उठू नका!"

पोरं हसली. मीही हसले, खोटं कशाला सांगू. पण आठ दिवसांत कळलं की गुरुजींची बदली मोखाड्याला होणार. मोखाडा म्हणजे त्या काळी मास्तरांचं काळं पाणी. डोंगर, जंगल, आणि खाडी म्हणाल तर नकाशात दाखवायला. गुरुजींना कळलं तेव्हा ते बांधावर जाऊन बसले आणि भरती पूर्ण चढेपर्यंत उठले नाहीत. त्या दिवशी समोरून बगळा गेला तरी ते त्याला काही म्हणाले नाहीत. मी हे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला भीती वाटली, की हा माणूस इथून गेला तर मरेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आपल्या मुलाला आणि पागाच्या जाळ्याला घेऊन तळ्यावर हजर.

"गुरुजी, चला. जिताडा काढू. ठान्याला नेऊ सायबाकडं."

"कुणाला नेऊ?"

"ह्यालाच! मंग दोन वरसां कशापायी वाढवला?"

गुरुजी तिच्याकडे बघतच राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली. दोन वर्षांचा गैरसमज त्या एका क्षणात त्यांना उमगला. ते धोतरासकट तळ्यात शिरले आणि हात पसरून उभे राहिले. बराच वेळ वाद झाला. मावशी म्हणाली, मासा की मास्तर, एकच राहील, काय ते ठरवा. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही गेलात तर ह्या पोरींचं काय? तेव्हा कुठे ते बाहेर आले.

"ठीक आहे. पण जिवंत न्यायचा. मी नेणार. घंगाळात."

भरतीबरोबर ठाण्याकडे वर जायचं आणि ओहोटीबरोबर परत यायचं, असा हिशेब करून गुरुजी, मावशी आणि मी होडीत बसलो. वल्ह्यावर मावशीचा मुलगा. मध्ये तांब्याचं मोठं घंगाळ, त्यात अंग वाकवून बसलेले आबासाहेब, वर ओलं गोणपाट. गुरुजी तांब्याने पाणी बदलत होते. पनवेलची खाडी ठाण्याच्या खाडीला मिळते तिथे आलो आणि ते एकदम म्हणाले, "थांबा. होडी थांबवा."

"काय झाला?"

"मावशी, आबासाहेब पोटुशी आहेत."

वल्हं हवेतच राहिलं.

"पोट बघा त्यांचं," गुरुजी म्हणाले.

"पोटाचा काय सांगताव? दोन वरसां फुकटची कोलंबी खाल्लीन. माजं बी सुटला असता."

"गाभोळी आहे?" मी एकदम पुढे सरकले. माशाच्या पोटातली अंडी म्हणजे गाभोळी, आणि जिताड्याची गाभोळी म्हणजे काय ते खाणाऱ्यालाच माहीत. "मग तर साहेब खूशच होतील!"

"मी पोटुशी म्हणतोय, बाई, आणि तुम्ही गाभोळी म्हणताय!" त्यांनी गोणपाट पुन्हा नीट झाकलं. "पाऊस तोंडावर आलाय. ह्या दिवसांत ती खाली मुखाकडे जातात अंडी घालायला. हिला मी मसाल्यात घालायला नेतोय, असं पोरांना कसं सांगू?"

मावशी म्हणाली, "नि तुमी मोखाड्याला जानार?"

"मी बोलेन साहेबांशी."

"तुमी बोललाव म्हंजे झालाच कल्यान." तिने गोणपाट बाजूला केलं आणि घंगाळाचा एक कान स्वतः धरला. "धरा दुसरा. तुमच्या हातचा खाल्लेला हाय तो. आता कोनाच्या गल्याखाली उतरायचा नाय. सोडा."

मी ओरडले. सांगते ना, चांगली ओरडले. 'वेड लागलंय तुम्हा दोघांना,' असंही म्हणाले. दोघांनी घंगाळ कलंडवलं. आबासाहेब होडीच्या कडेला क्षणभर तसेच राहिले, मग एक शेपटीचा फटका मारून आम्हा सगळ्यांना भिजवून गेले.

"वळून पाहिलंसुद्धा नाही मेल्याने," मी म्हटलं.

"कशाला पाहायचं?" गुरुजी म्हणाले. ते खूश होते हो! मोखाड्याच्या वाटेवरचा माणूस तोंडभर हसत होता.

ठाण्याला पोचलो. साहेबांच्या दारात शिपाई उभा होता. मागून आम्ही दोघींनी रिकामं घंगाळ आणलेलं पाहिलं आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला कळेचना ह्याला काय झालं. मग आत गेल्यावर उलगडा झाला. साहेब म्हणाले, "मासे आणले नाहीत, बरं केलंत. मी माळकरी आहे. लोक आणतात, मी घेत नाही, ते कुठे जातात देव जाणे." मावशीने दाराकडे वळून शिपायाकडे पाहिलं. शिपायाचं पोट काही उपाशी माणसाचं नव्हतं.

साहेब वाईट नव्हते. चिखलाचा राग निवळला होता. त्यांनी कागद पुढे सरकवला. "गुरुजी, पट चांगला आहे तुमचा, मी पाहिलंय. एवढंच लिहून द्या, की शाळा रोज अकरा ते पाच वर्गात भरेल. बदली मी थांबवतो."

मी सुटकेचा श्वास सोडला. गुरुजींनी टाक घेतला. 'शाळा रोज' एवढं लिहिलं आणि थांबले.

"साहेब, कोणत्या तिथीला?"

"रोज म्हणजे रोज."

"पण पाणी रोज अकराला एका जागी नसतं."

"मी पाण्याचं विचारत नाही, शाळेचं विचारतोय."

"ती पाण्यावरच आहे, साहेब. ओहोटी असेल तेव्हा पोरं कालवणाला जाणार. महिन्यातले निम्मे दिवस वर्गात मी आणि बाईच असू. मुलांना घरी बसवतील ते नंतर, मुलींना आधी."

"लिहा हो," मी त्यांच्या कानाशी पुटपुटले. "लिहून द्या आणि मग काय करायचं ते करा."

"बाई, खोटं कसं लिहू?" ते मोठ्याने म्हणाले. "साहेब समोर बसलेत."

साहेबांनी कागद परत आपल्याकडे ओढला. "नियम मी केलेला नाही, गुरुजी. मग मोखाडा."

"मोखाडा," गुरुजी म्हणाले आणि टाक पुसून जागेवर ठेवला.

परतीला ओहोटी लागली होती. दोन्ही काठांवर चिखल उघडा पडत होता आणि बगळे उतरत होते. माझ्या मनात राग मावत नव्हता. साहेबाचा राग, नियमाचा राग, आणि ह्या हट्टी माणसाचा तर इतका राग की त्यांच्याकडे बघवत नव्हतं. शेवटी मावशीच फुटली.

"मासा बी गेला नि मास्तर बी गेला! काय मिलवलाव गुरुजी तुमी?"

गाव दिसायला लागलं. बांध दिसला, आणि बांधाच्या खाली चिखलात पोरं. गुरुजी नव्हते, मी नव्हते, तरी टोपल्या घेऊन वाकलेली, आणि वाऱ्यावर त्यांचा आवाज येत होता, सातचा पाढा, अर्धा चुकीचा. गुरुजी ऐकत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी लहान आवाजात म्हणाले, "बाई, मला मोखाड्याला जायचं नाही हो."

आणि रडायला लागले. चांगले हमसून, टोपी हातात घेऊन, लहान मुलासारखे. मी टिटवी ना? माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही. मावशी सरकून त्यांच्याजवळ गेली आणि तिने लुगड्याचा पदर त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि थांबले.

"मावशी," ते म्हणाले, "पदराला बोंबलांचा वास येतोय."

"येनारच," मावशी म्हणाली. "पूस."

त्यांनी पुसलं.